अजमानच्या कपाटातील सत्तावीस पुस्तके

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने गावाला दोन गोष्टी द्यायच्या असतात, खजूर आणि हकिकत, अशी आमच्या बाजारपेठेची समजूत आहे. खजूर पहिल्याच दिवशी वाटून संपले. हकिकत मात्र तोंडी सांगू लागलो की कोणीतरी मध्येच "तिकडे सोन्याला काय भाव?" असे विचारतो, दुसरा उंच इमारतीचा विषय काढतो, आणि जे सांगायचे ते राहून जाते. सबब ती लेखी देत आहे. ज्यांना केवळ सोन्याचा भाव हवा आहे त्यांनी पुढे वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

प्रस्तुत लेखक गेली सव्वीस वर्षे तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्जलेखनाचे काम करतो. शाळा आठवीत सुटली, पण लेखणी सुटली नाही. एवढ्या काळात कचेरीत कितीतरी साहेब आले आणि बदलून गेले. माझे टेबल जागचे हललेले नाही. वारसनोंद असो, रेशनकार्डावरचे नाव असो किंवा शेजाऱ्याने सरकवलेला बांध असो, माझ्या हातचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात असा लौकिक आहे.

माझी धाकटी बहीण सुलभा चोवीस वर्षे अजमान येथे संसार करीत होती. तिचे यजमान विनायकराव हमरिया फ्री झोनमधील एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. जानेवारीअखेर त्यांची नोकरी संपणार आणि दोघे कायमचे देवरुखला परतणार, असे ठरले. "आम्ही इथे आहोत तोवर एकदा येऊन जा, दादा. नंतर कोण आहे तुला बोलवायला?" असा सुलभाचा फोन आला. केतकी ही माझी भाची शारजात नोकरीला आहे, ती तिकडेच राहणार होती; पण मामाने तिच्या शेअरिंगच्या खोलीत उतरणे शोभले नसते. तेव्हा पासपोर्ट काढला. त्याचा अर्ज अर्थातच मी स्वतः भरला.

अजमान

विमानाचे वर्णन करीत नाही. बसलो आणि उतरलो. अजमानविषयी मात्र चार शब्द लिहिणे कर्तव्य समजतो. दुबईच्या मानाने हे साधे गाव. दुबई-शारजाला नोकरी करणारी मंडळी इथे भाड्याला राहतात, कारण भाडे परवडते. पण साधे म्हणजे आपल्या अर्थाने साधे नव्हे. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. भोंग्यांचा आवाज नाही. पहिल्याच सकाळी मी पांढऱ्या पट्ट्यांपाशी नुसता उभा राहिलो, तर एक आलिशान मोटार माझ्यासाठी थांबली. तहसील कचेरीसमोर सव्वीस वर्षांत माझ्यासाठी बैलगाडीदेखील थांबलेली नाही. मी चालकाला नमस्कार केला आणि पलीकडे गेलो. मग खातरजमा करण्याकरिता परत अलीकडे आलो. पुन्हा मोटार थांबली. विनायकराव पलीकडून ओरडले, "भाऊसाहेब, पुरे! त्यांना कामं आहेत!"

सुलभाचे घर सहाव्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि त्यांत बांधाबांध सुरू झालेली. भांडी खोक्यांत गेलेली, पडदे उतरवलेले. फक्त हॉलमधील एका काचेच्या कपाटाला कोणी हात लावलेला नव्हता. त्यात सत्तावीस पुस्तके होती.

ही पुस्तके सुलभाच्या सासूबाईंची. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. अक्का मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवीत. संसार कसा करावा, हे सांगणारे जे जे छापील हाती लागेल ते ते त्यांनी आयुष्यभर जमवले. पाककृतींची पुस्तके, शिवणाच्या पुस्तिका, बायकांच्या मासिकांचे बांधीव अंक, बाळंतिणीच्या पथ्याची चोपडी, प्रेशर कुकरच्या खोक्यात मिळालेले माहितीपत्रकसुद्धा. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे अजमानला आल्या त्या चौदा वर्षे राहिल्या, आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच गेल्या. दर खेपेला गावाहून येताना पेटीत चार-पाच पुस्तके आणीत. उरलेली देवरुखच्या घरी होती, ती वाळवीने खाल्ली. अशी अजमानच्या कोरड्या हवेने ही सत्तावीस वाचवली.

मी ती चाळून पाहिली. खरे सांगायचे तर अशा पुस्तकांना मी आजवर पुस्तके मानीत नव्हतो. पण एकेक उघडत गेलो आणि दुपार कशी गेली कळले नाही. सर्वांत जुन्या पुस्तकाला मुखपृष्ठ नाही, पहिली सोळा पानेही नाहीत. त्यामुळे नाव आणि लेखिका अज्ञात. त्यात रेशमी वस्त्रावरचा शाईचा डाग लिंबाने काढण्याचा विधी आहे. तेलात कॉस्टिक कालवून घरी साबण कसा पाडावा हे आहे. समई चिंचेने घासून राखेने का कोरडी करावी याचे कारण दिले आहे. दुधात पाणी आहे की नाही हे नखावर थेंब ठेवून पाहण्याची रीत आहे. आणि भाषा काय! "गृहिणीने प्रथम चूल पाहावी, मग आरसा." एवढे थोडक्यात मला एकाही अर्जात साधलेले नाही. मासिकांत वाचक भगिनींचे प्रश्न आहेत. एकीने विचारले आहे की स्टोव्हचा आवाज ऐकून सासरे रागावतात, काय करावे? उत्तर आहे की त्यांना त्या स्टोव्हवरचा चहा द्यावा.

"या पुस्तकांचं काय करायचं, हाच एक प्रश्न राहिलाय," सुलभा म्हणाली.

"माणशी तीस किलो," विनायकराव म्हणाले. "कार्गो भरला. सुलू, मी शंभरदा सांगितलं, खाली कागदाचा डबा आहे, रिसायकल करतात."

"अक्कांची पुस्तकं डब्यात घालू?"

"मग देवरुखला ने. वाळवी वाटच बघतेय."

सुलभा उठली आणि कपाटाची काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

तेव्हा बांधाबांधीसाठी सुट्टी काढून आलेल्या केतकीने तोंड उघडले. तिथे वाढलेल्या मुलांप्रमाणे ही मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. मी रागावतो म्हणून माझ्याशी मिसळ करते. तिने सांगितले ते असे. शारजात एक वयस्क अरबी बाई आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांनी घरातल्या एका दालनात जुनी गृहशास्त्राची पुस्तके मांडली आहेत. शारजाच्या घराघरांत ज्या ज्या भाषा बोलल्या जातात, त्या सगळ्यांतली. अरबी, फारसी, उर्दू, मल्याळी, गुजराती. "बट मराठी इज मिसिंग, मामा. एक शेल्फ रिकामी आहे. आईने फक्त लेटर लिहायचंय, की कोणती बुक्स आहेत, कोणी वापरली."

"मला कुठे असलं लिहिता येतं?" सुलभा म्हणाली. पण तिचा हात काचेवर थांबला होता.

"मी असताना तुला लिहायची काय गरज?" मी म्हणालो.

"मामा, प्लीज. शॉर्ट अँड सिंपल, ओके?"

मी मान डोलावली. सव्वीस वर्षांत जे पक्षकार थोडक्यात लिहा म्हणाले, त्यांचेच अर्ज परत आले आहेत, हे तिला काय सांगणार?

टायपिंग सेंटर

आता माझ्या व्यवसायबंधूंनी कान द्यावेत. त्या देशात आपल्या धंद्याला काय मान आहे! कोणताही सरकारी कागद करायचा तर 'टायपिंग सेंटर' नावाच्या दुकानात जावे लागते. दुकानाला काचेचे दार, आत थंडगार हवा, टोकन देणारे यंत्र, गादीच्या खुर्च्या. माझ्या शेडमध्ये पावसाळ्यात छत्री धरून लिहावे लागते, हे आठवून क्षणभर गहिवरलो. टेबलामागे अशरफ नावाचा मल्याळी गृहस्थ होता. तो अरबी, इंग्रजी, हिंदी अशा तिन्ही भाषांत अर्ज करतो. मी व्यवसायबंधू आहे असे कळताच त्याने स्वतःसाठी आणलेला कडक चहा मला दिला.

मी आदल्या दिवशी बसून साडेचार पानी मसुदा केला होता. घरी कोणास दाखवला नाही. काम पुरे झाल्यावर दाखवावे, असा बेत होता. मजकूर नेहमीच्या धाटणीचा होता. "अर्जदार ही अत्यंत हवालदिल स्त्री असून तिच्या पतीचा रोजगार संपुष्टात आलेला आहे. महिनाअखेर तिच्या डोक्यावरील छप्पर जात आहे. मूळ गावचे घर वाळवीने ग्रासलेले आहे. अर्जदारास कोणाचाही आधार नाही." यांतील शेवटचे वाक्य सोडले तर बाकी सर्व सत्य होते, आणि ते वाक्य प्रत्येक अर्जात घालावेच लागते. अखेरीस लिहिले होते, "सबब अर्जदाराजवळील सत्तावीस जुनी पुस्तके ठेवून घेऊन तिच्यावर उपकार व्हावेत."

मी वाचत, हिंदीत समजावीत गेलो आणि अशरफ टाइप करीत गेला. दुसऱ्या पानावर त्याची बोटे थांबली.

"भाईसाब, ये मॅडम से कुछ मंगता है क्या?"

"नही. किताब देने का है."

"देने का है तो रोता कायको है?"

"आप लिखो," मी म्हणालो. "छब्बीस साल का अनुभव है."

"खलास, जैसा तुम बोलो." त्याने पुढचे शब्दशः उतरवले. अशरफच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही तक्रार नाही. अर्ज अरबीत छापून निघाला, केतकीने दिलेल्या पत्त्यावर मी स्वतः कुरिअर केला, आणि समाधानाने घरी आलो.

देरा

उत्तर येईपर्यंत विनायकरावांनी मला दुबईचा देरा भाग दाखवला. सोन्याच्या बाजारातून आम्ही लवकर बाहेर पडलो. खाडीच्या धक्क्यावर मात्र मी तासभर उभा होतो. लाकडी गलबते एकमेकांना चिकटून उभी, आणि धक्क्यावर फ्रीज, गाद्या, शिलाई यंत्रे, पातेल्यांचे संच, तान्ह्या मुलांचे पाळणे अशी रास. कोणा परक्या किनाऱ्यावरचे संसारच्या संसार तिथे दोरांनी बांधून ठेवलेले. माल चढवणाऱ्यांत गुहागरकडचा एक गडी निघाला. मराठी कानावर पडताच घाम पुसत जवळ आला. "काका, आमच्या रूमवर आठ जण. आज माझी पाळी. डाळ शिजवताना उतू जाते, काय करू?" मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकातले एक वाक्य मला त्याच आठवड्यात पाठ झाले होते. मी त्याला सांगितले, "डाळीत तेलाचा थेंब टाक आणि पातेल्यावर लाकडी पळी आडवी ठेव." त्याने ते दोनदा घोकले. आता एवढ्यासाठी आईला फोन करायला नको, म्हणाला आणि हसत यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला करीत गेला. त्या पुस्तकाच्या लेखिकेला, ती कोण असेल ती, हे कळायला हवे होते असे मला वाटले.

तीन पेट्या

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात गणवेशातला चालक आणि त्याच्यासोबत तीन मोठ्या झाकणाच्या पेट्या. तांदूळ, कणीक, तूप, साखर, चहा, खजूर आणि वर घडी केलेली दोन जाड पांघरुणे. सोबत चिठ्ठी. केतकीने ती मोठ्याने वाचली; मराठीत तिचा अर्थ असा. "माझ्या बहिणी, देवाने कोणाला कधी कोणत्या दारात उभे करावे हे आपल्या हाती नाही. संकोच करू नकोस. आणखी लागेल ते कळव. उम्म सालेम."

तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आपल्याकडे नाही का, बाळूची आई म्हणत. तेव्हा उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. ही तीच शिक्षिका.

सुलभा आधी पेट्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. "दादा, तू काय लिहिलंस?"

मी मराठी मसुदा काढून दिला. तिने उभ्यानेच वाचला. विनायकरावांनी तिच्या खांद्यावरून वाचला.

"वा, भाऊसाहेब! चोवीस वर्षांत मी एक दिवस उशिरा हजेरी लावली नाही. तुम्ही साडेचार पानांत मला भिकेला लावलंत!"

"अर्जात अर्जदार गरीबच असतो," मी म्हणालो. "त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

"हा अर्ज नव्हता रे," सुलभा म्हणाली. "मी काही मागत नव्हते. देत होते. अक्कांनी उभ्या जन्मात कोणाची वाटीभर साखर परत केल्याशिवाय ठेवली नाही. आणि त्यांची पुस्तकं दाखवून मी तांदूळ घेतले?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागले. "आता मला ती पुस्तकं तिथे द्यायची नाहीत. डब्यात टाका, नाहीतर देवरुखला न्या."

"मामा, धिस इज सो एम्बॅरसिंग," केतकी म्हणाली. "मी त्यांना फोन करून सांगते."

"फोन नको. मी स्वतः जाणार," सुलभा म्हणाली. "पण पेट्या परत करायला."

"भरलेल्या परत केल्या तर त्यांचा अपमान होईल," विनायकराव म्हणाले.

"आणि रिकाम्या कशा देऊ?"

इथे आपल्या रिवाजाने मार्ग काढला. शेजारचे भांडे रिकामे धाडायचे नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. सुलभाने खोक्यात बांधलेली परात बाहेर काढली, आणि कपाटातून ते बिनमुखपृष्ठाचे पुस्तक. त्यातली गुळाच्या पोळीची कृती उघडून तिने गुळाच्या जागी उम्म सालेमचेच खजूर वाटून घातले. दुसऱ्या दिवशी दिवसभर लाटणे चालू होते. संध्याकाळी तिन्ही पेट्यांत खजुराच्या पोळ्या, तांदळाची बोरे आणि तुपातल्या शंकरपाळ्या भरल्या गेल्या. मी शंकरपाळ्या कातायला बसलो होतो. त्या घरात त्या दिवशी माझ्याशी कोणी जास्त बोलले नाही, आणि मीही अपेक्षा केली नाही.

शारजा

उम्म सालेमचे घर जुन्या वस्तीत, उंच भिंतीआड, अंगणात लिंबाचे झाड. बाई सत्तरीच्या, काळा पायघोळ अबाया, चष्मा दोरीने गळ्यात. हिंदी छान बोलतात. त्या पिढीतले पुष्कळ लोक बोलतात, व्यापारउदीम मुंबईशी होता म्हणून. "पहले बैठो. बात बाद में," त्या म्हणाल्या.

कॉफी झाली. मग त्यांनी उद फुलवलेली धूपदाणी माझ्यासमोर धरली. समोर धूप आला की आपला हात आपोआप जातो तसा माझा गेला. मी दोन्ही तळवे धुरावरून फिरवून डोळ्यांना लावले आणि मान लववली. सुलभाने डोक्याला हात लावला. उम्म सालेम मात्र खळखळून हसल्या. "कपड़े को, भाई, कपड़े को! ये नमाज नहीं है, खुशबू है." आणि त्यांनी माझ्या शर्टाच्या बाहीखाली धूपदाणी धरली. तो वास परतीच्या विमानातही माझ्या शर्टाला होता.

सुलभाने पेट्या पुढे केल्या. "दीदी, मेरे भाई ने गलत लिखा. हम लोग गरीब नहीं है. आपने भेजा, बहुत मेहरबानी. ये उसी का बनाया है."

उम्म सालेमनी झाकण उघडले, पोळीचा तुकडा मोडला, डोळे मिटून खाल्ला. "मेरा खजूर," त्या म्हणाल्या. "हमारे यहाँ भी बर्तन खाली वापस नहीं जाता." मग माझ्याकडे वळल्या. "तुमने लिखा वो चिट्ठी?"

"जी."

"मैंने दो बार पढ़ी. पहली बार मैं रोई. दूसरी बार मैंने किताब ढूँढी. पाँच पन्ने में किताब एक लाइन! कौन सी किताब, किसने पढ़ी, किसने जलाई, किसने दूध गिराया, कुछ नहीं." त्या शिक्षिका होत्या हे मला तेव्हा पुरते कळले. आठवीच्या वर्गानंतर मी प्रथमच मान खाली घातली.

मग त्या आम्हाला दालनात घेऊन गेल्या. वाचकहो, ते दालन मी कसे वर्णावे? तीस वर्षे त्यांनी मुलींच्या शाळेत घरव्यवस्था हा विषय शिकवला. विषय बंद होऊन क्रमिक पुस्तके टाकून देऊ लागले, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या गाडीत भरून आणली. तिथून हा संग्रह. अरबी क्रमिक पुस्तकांत शिलाई यंत्रावर बसलेल्या मुलींची चित्रे, उर्दूत नवरीला देण्याचे जाड पुस्तक, देऱ्याच्या एका व्यापारी घरातून आलेली लोणच्यांची गुजराती वही, मल्याळी कुकरपुस्तिका, डबाबंद दुधाच्या कंपनीची दोन भाषांतील पाककृतींची पत्रके. अरबी पुस्तकातही डागांचे प्रकरण होते आणि त्यातही शाईचा डाग लिंबाने काढायला सांगितला होता. त्या दालनातील एकही पुस्तक स्वच्छ नव्हते. कुठे हळद, कुठे मेण, कुठे तान्ह्या मुलाने फाडलेले पान. "साफ किताब मुझे नहीं चाहिए," त्या म्हणाल्या. "साफ मतलब किसी ने पकाया नहीं." एका कपाटातील मधली फळी रिकामी होती. तिच्यावरही धूळ नव्हती. रोज पुसत असाव्यात.

सुलभा बराच वेळ त्या फळीसमोर उभी राहिली. मग तिने पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले ते मुखपृष्ठ नसलेले पुस्तक काढले. तिने ते बरोबर आणले आहे, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते.

उम्म सालेमनी चष्मा चढवला. मराठी त्यांना येत नाही, पण पाने त्या वाचल्यासारखीच पाहत होत्या. "ये पेन्सिल किसका?"

"मेरी सास का."

"और ये नीला पेन?"

मी वाकून पाहिले. समासात शिसपेनीखाली जागोजाग निळी ओळ होती, आणि निळीखाली पुन्हा शिसपेन.

"वो मैं," सुलभा म्हणाली.

"पढ़ो."

सुलभाने पान उघडले. छापील मजकूर होता, पाहुण्यास तीन वेळा आग्रह करावा. शिसपेनीने अक्कांनी लिहिले होते, "दोन वेळा पुरे." त्याखाली सुलभाच्या अक्षरात, "इथे एकदाच. लोकांना ड्युटीवर जायचं असतं." पुढचे पान. अक्का, "मीठ दीड चमचा." सुलभा, "एकच. यांचं बीपी." अक्का, "मग मला वेगळं वाढ." सुलभा, "वाढलंय. झाकून ठेवलंय."

केतकी पुढे सरकून एकेक अक्षर लावीत वाचू लागली. "आई, व्हॉट इज धिस? तुम्ही चॅट करत होता?"

"पहिलं वर्षभर आम्ही दोघी बोलतच नव्हतो," सुलभा म्हणाली. आता ती कोणासाठीही हिंदी करीत नव्हती. केतकी हळू आवाजात उम्म सालेमना सांगत गेली. "त्यांना इथलं काही पटायचं नाही, मला त्यांचं. तुझे बाबा बारा तास ड्युटीवर. घरात तिसरं मोठं माणूस नाही. मी स्वयंपाक करायचे, त्या पुस्तकात चूक काढून ओट्यावर उघडं ठेवून जायच्या. एक दिवस मला राग आला, मी खाली उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली त्यांचं उत्तर होतं." तिने पान उलटले. "मग बोलायला लागलो. पण लिहायची सवय राहिली. हे शेवटचं, आजारी होत्या तेव्हाचं. 'पेज पातळ कर, पण चव तुझीच ठेव.'"

उम्म सालेमनी पुस्तक मिटले आणि दोन्ही हातांनी सुलभाला परत दिले.

"जगह है," त्या म्हणाल्या. "तुम देना चाहो तो. लेकिन चिट्ठी दूसरी. ये बोलेगी," बोट माझ्याकडे वळले, "तुम लिखेगा. जितना बोले, उतना."

"आई, हे एक आपण ठेवू या ना," केतकी म्हणाली. "आय विल कीप इट."

"तुझ्या शेअरिंगच्या खोलीत कुठे ठेवशील?" सुलभा म्हणाली. "इथे राहू दे. तू इथेच आहेस. यायचं आणि वाचायचं. मराठी वाचता यायला लागेल." मग उम्म सालेमकडे वळून म्हणाली, "सब देती हूँ. सत्तावीस."

यादी

तिथेच अंगणात लिंबाखाली टेबल मांडले गेले. बाकीची सव्वीस पुस्तके अजमानलाच होती, म्हणून सुलभा आठवून सांगत होती, मी लिहीत होतो. एवढे अवघड लेखन मी आयुष्यात केलेले नाही. हात आपोआप 'अर्जदार' लिहायला जाई. थांबवून 'सुलभा' लिहावे लागे. "शिवणाची पुस्तिका. हिच्यावरून केतकीचे फ्रॉक शिवले. पहिल्याची बाही उलटी लागली." एवढेच ती म्हणाली, एवढेच लिहिले. "बाळंतिणीची चोपडी. अक्कांनी इमारतीतल्या तीन जणींना डिंकाचे लाडू करून दिले, एक पाकिस्तानी." एवढेच. विशेषण जोडण्याची जागा मला दिसत होती, दर ओळीला दिसत होती, आणि मी ती सोडत होतो. दोन पानांत सत्तावीस पुस्तके झाली. तेवढ्यात पुष्कळ झाले, हे मी आमच्या धंद्यातील तरुणांसाठी मुद्दाम नमूद करतो.

मजकूर लिहून झाला की पक्षकाराला वाचून दाखवायचा, हा नियम मी परदेशातही मोडला नाही. शीर्षक वाचले. "सासूबाईंच्या सत्तावीस पुस्तकांची यादी."

"थांब," सुलभा म्हणाली. "सासूबाईंच्या खोड."

"मग काय लिहू?"

तिने टेबलावर ठेवलेल्या त्या मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकाकडे पाहिले. "आमच्या दोघींच्या," ती म्हणाली.

मी शब्द खोडला, वर दुरुस्ती लिहिली, आणि कागद तिच्यासमोर सरकवला. खाडाखोड झाली की तिथे पक्षकाराची सही लागते. सुलभाने तिथे, त्या दोन शब्दांना लागून, आपले पूर्ण नाव लिहिले. उम्म सालेमनी सही कशाची म्हणून विचारले. मी सांगितले की हा आमच्याकडचा कायदा आहे; जे बदलले ते आपण बदलले, असे ज्याचे त्याने लिहून द्यावे लागते. त्यांनी मान हलवली, यादी घेतली, आणि कपाटाच्या काचेला आतून चिकटवण्यासाठी गोंद आणायला आत गेल्या.